धीट गिनी पिग अचानक बुजायला लागला, तर काय काय तपासायचं

कालपर्यंत फ्रीजचं दार उघडलं की जाळीवर पुढचे पाय टेकून शिट्ट्या मारणारा गिनी पिग आज खोक्याच्या कोपऱ्यात थिजून बसलाय. हात आत घातला की उधळतो आणि जाळीवर जाऊन आपटतो. माझ्या घरात गेल्या आठ वर्षांत हे पाच वेळा झालं. शिवाय गावाला जाणाऱ्या मित्रमंडळींचे गिनी पिग माझ्याकडे राहायला येतात, त्यांच्यात आणखी सहा-सात वेळा. दर वेळी मालक एकच वाक्य म्हणतात, "अगं, काहीच बदललेलं नाहीये." दर वेळी काहीतरी बदललेलं निघतं, नाहीतर त्याचं काहीतरी दुखत असतं. तिसरं कारण मला अजून सापडायचंय.

नव्यानेच घरी आणलेल्या गिनी पिगचा प्रश्न वेगळा. त्याला दोन-तीन आठवडे बुजायचा हक्क आहे, द्या त्याला. हे लिहितेय ते आधी धीट असलेल्या आणि मग एकाएकी बदललेल्या प्राण्याबद्दल.

लक्षणं

सगळ्यात आधी शिट्टी बंद होते. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला तरी आतून हूं की चूं नाही. दिवसभर खोक्यात बसून राहणं, खोलीत कुणी नसतानाच खाणं, लेंड्या एरवी पिंजरभर पडतात त्या आता फक्त लपायच्या जागेत सापडणं. हात दिसला की डोळे मोठे करून थिजणं, किंवा एकदम सुसाट पळणं. साध्या आवाजालाही "ड्रर्र" असा आखूड, थरथरता आवाज काढणं. दात कडकड वाजवणं. कधी न चावणाऱ्याने चावणं.

आता यातून आधी वेगळं काढायचं ते हे. बारा तासांत काहीच खाल्लेलं नसेल, लेंड्या थांबल्या असतील, श्वास घेताना घरघर होत असेल किंवा बरगड्या जोरात आत-बाहेर होत असतील, मान एका बाजूला कलली असेल, लघवीत रक्त असेल, किंवा पोट तबल्यासारखं ताणलेलं लागत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. आधी डॉक्टर. गिनी पिगचं आतडं सतत चालू लागतं, ते एकदा थांबलं की एका दिवसात प्रकरण हाताबाहेर जातं.

दोन फुकटचे प्रश्न

दोन गिनी पिग असतील तर दोघं घाबरलेत की एकच? दोघं एकदम बुजले तर कारण बहुतेक घरात असतं. एकच बुजला तर कारण त्याच्या अंगात असतं, नाहीतर दुसऱ्याच्या वागण्यात. एवढ्या एका प्रश्नाने माझं निम्मं काम झालंय.

दुसरा प्रश्न, चोवीस तास घाबरलेला असतो की ठरावीक वेळी? फक्त सकाळी बुजत असेल तर त्याची रात्र तपासा. फक्त संध्याकाळी असेल तर संध्याकाळी घरात काय चालतं ते बघा.

वजन

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर पसरट डबा, डब्यात नॅपकिन. डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग गिनी पिग ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी सगळ्याच्या आधी हेच करते. कारण हा प्राणी दुखणं लपवतो. कळपात जो आजारी दिसतो त्याच्यावरच शिकाऱ्याची नजर जाते, म्हणून बरं नसतानाही तो गवत चघळल्याचं नाटक उत्तम वठवतो. काट्यासमोर मात्र त्याला नाटक करता येत नाही.

मोठा गिनी पिग साधारण 700 ते 1200 ग्रॅमचा असतो. खाणं आणि लघवी यामुळे दिवसात 20-30 ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याची काळजी नको. आठवड्यात 50 ग्रॅम उतरलं तर मी सावध होते आणि रोज वजन करते. 100 ग्रॅम उतरलं तर भीती वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. आधीच्या वजनाची नोंदच नसेल तर आजपासून सुरू करा. माझी वही दूधवाल्याच्या हिशेबाचीच आहे, मागच्या पानापासून उलटी लिहिलेली.

आवाज, विशेषतः तुम्हाला न ऐकू येणारा

इथे जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः यात अकरा दिवस घालवलेत.

जूनची सुरुवात होती. पहिला पाऊस झाला की आमच्या इमारतीत ड्रेनेजच्या पाइपवरून उंदीर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. नवऱ्याने उंदीर पळवायचं एक यंत्र आणलं, प्लगमध्ये खोचायचं, निळा दिवा लागतो, बाकी काही नाही. सोफ्यामागच्या सॉकेटला लावलं आणि आम्ही विसरलो. तिसऱ्या दिवसापासून माझ्या बुंदी आणि चकली या दोन्ही गिनी पिगनी बाहेर येणं बंद केलं. मी पिंजरा धुतला. पेलेट, म्हणजे गोळ्यांचं तयार खाद्य, बदललं. ढोबळी मिरचीचे तुकडे खोक्याच्या तोंडाशी ठेवले, ते तिथेच सुकले. मुलीला पिंजऱ्याजवळ जायला बंदी केली, ती बिचारी रडली. मग एका संध्याकाळी लाइट गेली. अंधारात मोबाईलच्या उजेडात बसलो होतो आणि पाच-दहा मिनिटांत कोपऱ्यातून गवत चावल्याचा करकर आवाज यायला लागला. आधी एक, मग दुसरी. टॉर्च मारला तर चकली खोक्याच्या बाहेर होती, तोंडात गवताची काडी, अर्धी आत अर्धी बाहेर. तासाभराने लाइट आली. निळा दिवा लागला. काडी तिथेच पडली आणि चकली आत.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गिनी पिगला जवळजवळ 50,000 पर्यंत. उंदीर पळवायची ही यंत्रं नेमकी त्या मधल्या पट्ट्यात ओरडतात. गिनी पिगही कुरतडणाऱ्याच जातीचा, मग त्याला ते का नाही छळणार? यंत्राच्या खोक्यावर मागे बारीक अक्षरांत पाळीव कुरतडणारे प्राणी असतील तर वापरू नका, असं लिहिलेलंही होतं. वाचलं कुणी?

तेव्हापासून माझी चाचणी ठरलेली आहे. घराचा मेन स्विच अर्धा तास बंद करायचा. इन्व्हर्टर असेल तर तोही, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. पंख्याशिवाय बसायचं आणि ऐकायचं. गिनी पिग हळूहळू हालचाल करायला लागला तर कारण विजेवर चालणारं आहे. मग एकेक प्लग लावत जा. डास पळवायची "अल्ट्रासॉनिक" यंत्रं, चिरकणारा चार्जर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांच्यावर माझा पहिला संशय असतो. शेजारच्यांनी असं यंत्र लावलं असेल तर त्याची फार चिंता नको, हा बारीक आवाज भिंतीतून सहसा पलीकडे येत नाही. शेजाऱ्यांचं ड्रिल मात्र येतं.

ऐकू येणाऱ्या आवाजांचं काय करायचं ते सगळ्यांना कळतं, तरी एक सांगते. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांच्यासाठी पिंजरा त्या दिवशी हलवू नका. दोन दिवस आधीच आतल्या खोलीत न्या, म्हणजे नवी जागा आणि धडाम एकदम अंगावर येत नाही. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना सुती चादर, चौथी हवेसाठी उघडी. धीर द्यायला म्हणून उचलून छातीशी धरू नका, त्याला खोका हवा असतो, तुम्ही नाही. फटाके थांबल्यावर दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. पाचव्या दिवशीही नाही आली तर फटाक्यांच्या नावावर खपवू नका, पुढे तपासा.

लपायची जागा

"सारखा लपतो म्हणून घरच काढून टाकलं, म्हणजे सवय होईल." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडते. याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत उंच गवतात वाटा पाडून त्यातून पळतात. डोक्यावर आडोसा नसेल तर त्यांना जेवणही सुचत नाही. लपायला जागा असली की तो बाहेर येतो, ती काढली की कायमचा टरकतो.

वाण्याकडून बिस्किटांचे रिकामे खोके आणा. प्रत्येकाला दोन दारं पाडा, समोरासमोर. एकच दार असेल तर दुसरा गिनी पिग तोंडाशी येऊन बसला की आतल्याची कोंडी होते. जितके गिनी पिग तितके खोके, अधिक एक. खर्च शून्य.

पिंजऱ्याची जागाही याच वेळी बघून घ्या. चहूबाजूंनी उघड्या पिंजऱ्यात तो कुठूनही शिकारी येईल म्हणून ताठ असतो, त्यामुळे किमान एक बाजू भिंतीला हवी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात आपला हात नेहमी वरून येतो, घार झडप घालते तसा. मी पिंजरा अडीच फूट उंच टेबलावर ठेवल्यापासून हात समोरून जातो, आणि फरक दोन दिवसांत दिसला होता.

वास

पिंजरा अगदी लख्ख केला आणि तेव्हापासून बुजला? मग तुम्ही त्याच्या घराची पाटीच पुसली. धुतल्यावर जुन्या कोरड्या गवताची एक मूठ परत ठेवायची, त्याच्या स्वतःच्या वासासाठी. फिनेलने पिंजरा धुवायचा नाही, पाण्यात पांढरा व्हिनेगर टाकून पुसलं तरी पुरतं. आमच्याकडे चातुर्मासात सासूबाई रोज धूप घालतात. त्यांना मी एवढंच सांगितलं, की आई, त्या खोलीचं दार लावून घेत जा. धुराचा त्रास भीतीपुरता नसतो, याची फुप्फुसं फार नाजूक असतात. कासवछाप अगरबत्त्या त्याच्या खोलीत नकोतच.

उलट बाजूही आहे. पिंजऱ्यात नाक खुपसून बघा. डोळ्यांना झोंबणारा लघवीचा वास येत असेल तर त्याला तो तुमच्यापेक्षा जास्त झोंबतोय.

रात्रीचे पाहुणे

सकाळी जास्त बुजलेला, दुपारनंतर जरा बरा, असं असेल तर रात्री कुणीतरी येतंय. झोपताना पिंजऱ्याभोवती जमिनीवर रांगोळीचा पातळ थर भुरभुरवा. पीठ नको, पीठ म्हणजे उंदराला आमंत्रण. सकाळी पावलं दिसतात. तळमजल्यावरच्या एका मैत्रिणीच्या घरी आम्हाला रांगोळीत चक्क घुशीचा माग मिळाला होता, मोरीच्या जाळीपासून थेट पिंजऱ्यापर्यंत आणि परत. जाळी बसवली, मोरीवर रात्री पाटा ठेवला, आठवड्यात तिचा चिकू पूर्वीसारखा झाला. उंदराचं विष मात्र त्या खोलीत ठेवायचं नाही, पिंजऱ्यापासून लांबसुद्धा नाही.

खिडकीत येऊन बसणारा बोका आणि ग्रिलवरचे कावळे हे दिवसाचे पाहुणे. त्यांच्यासाठी पडदा.

जोडीदार

एकटा ठेवलेला गिनी पिग घाबरट असणं हे नवल नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून नियमच आहे की तो एकटा ठेवायचा नाही. जोडीदार नुकताच गेला असेल तर तुमचं प्रेम कमी पडतंय असं समजू नका, त्याची राखण करणारे कान-डोळे निम्मे झालेत. यावर दुसरा गिनी पिग हाच उपाय आहे, ससा नव्हे. सशांकडून फुप्फुसाच्या आजाराचे जंतू येतात आणि सशाची एक लाथ याला पुरते.

दोघं असतील तर एक तास लांब बसून फक्त बघा. मादी दर पंधरा-सोळा दिवसांनी माजावर येते, तेव्हा एखादा दिवस पाठलाग आणि घुर्र-घुर्र होतंच, ते सोडून द्या. पण एक जण दुसऱ्याला गवताजवळ येऊच देत नसेल तर पाण्याच्या दोन बाटल्या आणि गवताचे दोन ढीग दोन टोकांना ठेवा. रक्त निघालं तर वेगळे करा, मध्ये जाळी ठेवून, म्हणजे एकमेकांचा वास राहील. भांडण सोडवायला उघडा हात घालू नका. जाड टॉवेल टाका.

दुकानातून "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून आणलेल्या जोडीबद्दल एक शंका कायम ठेवा. गाभण मादीही अशीच अचानक दूर राहायला लागते. पोट दाबून पिल्लं मोजायचा प्रयत्न करू नका, डॉक्टरांना दाखवा. आठ महिन्यांच्या पुढे पहिलटकरीण असेल तर नक्कीच, कारण तोवर ओटीची हाडं जुळून घट्ट होतात आणि बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

हात

वाढदिवसाला आलेल्या सात पोरांनी आळीपाळीने उचललं, किंवा कुणाच्या हातून पडला, किंवा तुम्हीच नखं कापताना जरा जास्त घट्ट धरलं. एवढंही पुरतं. पडला असेल तर आधी चाल बघा, लंगडत असेल तर थेट डॉक्टर.

नाहीतर हातांची ओळख पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच दिवस पिंजऱ्याशेजारी नुसतं बसायचं, आपलं काहीतरी करत. मी लसूण सोलते. (सालीसुद्धा पिंजऱ्यात पडू द्यायची नाही, लसूण-कांदा याला विषच.) हलक्या आवाजात बोलत राहायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. मग उघड्या तळव्यावर कोथिंबिरीची एक काडी, हात जमिनीवर टेकवलेला आणि स्थिर. तो मान ताणून काडी ओढून पळेल. पळू दे. पुढच्या वेळी काडी जरा आखूड. हात स्वतःहून त्याच्याकडे सरकवायचा मोह आवरता आला तर आठ-पंधरा दिवसांत तो तळव्यावर पाय ठेवतो. लपलेला असताना ओढून काढलं की मोजणी पुन्हा एकपासून. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी.

अंग तपासणी

इथपर्यंत काही सापडलं नाही, किंवा दोघांपैकी एकच बुजलाय, तर मांडीवर पांढरा टॉवेल घेऊन पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पांढरा अशासाठी की लघवीचा गुलाबी डाग दिसावा. लघवी किंवा शी करताना किंचाळत असेल तर मूतखड्याची शंका, आणि तो एक्स-रेशिवाय कळत नाही. आमच्या बुंदीची "भीती" शेवटी हीच निघाली होती. ती हाताला घाबरत नव्हती, उचललं की पोटावर येणाऱ्या दाबाला घाबरत होती.

केस विंचरल्यासारखे दोन्हीकडे सारून कातडी बघा. कोंडा, खपल्या, विरळ झालेले केस असतील तर खरजेचे किडे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण खाज इतकी असते की हात लागला तरी झटका यावा. तळपाय लाल किंवा सुजलेले असतील तर खालची जाळी आजच काढा आणि फ्लीसचं मऊ, लोकरीसारखं कापड घाला. हनुवटी ओली असेल तर दातांचं काहीतरी आहे. वीस दातांपैकी आपल्याला पुढचे चारच दिसतात, मागचे घरी बघायचा प्रयत्न नको.

सांधे धरून चालत असेल, उचलताना ओरडत असेल तर क जीवनसत्त्व आठवा. आपल्यासारखंच याच्याही शरीरात ते तयार होत नाही. दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. फोडून तीन महिने झालेल्या पेलेटच्या पाकिटावर विसंबू नका, त्यातलं जीवनसत्त्व उडालेलं असतं. रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर, मधूनमधून पेरूची छोटी फोड. पाण्यात थेंब टाकू नका, काही तासांतच त्यात दम राहत नाही आणि चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो.

इथे थांबा

सुरुवातीला लिहिलेल्या धोक्याच्या खुणा, किंवा वरच्या तपासणीत सापडलेली कुठलीही गोष्ट, किंवा सगळं ठीक असून दहा दिवसांत तसूभरही सुधारणा नाही, तर घरगुती प्रयोग बंद. फोनवर आधी विचारा, की ससे-गिनी पिग नेहमी तपासता का? फक्त कुत्री-मांजरं बघणारे चांगले डॉक्टरही इथे चुकू शकतात. मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, आणि नागपूर इथे सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. जवळ कुणी सापडत नसेल तर तिथे चौकशी करा.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. अमॉक्सिसिलीन आणि पेनिसिलीनच्या गटातली तोंडाने द्यायची औषधं गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि त्यात तो दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांचे मानेवर टाकायचे थेंबही आपल्या मनाने नाहीत.

जाताना वजनाची वही घ्या. कालच्या रात्रीच्या लेंड्या एका पिशवीत घ्या. बिचकताना, चालताना, श्वास घेताना घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असू द्या, कारण टेबलावर तो दगडासारखा बसणार आणि डॉक्टरांना काहीच दिसणार नाही. रिक्षात पिंजरा नको, झाकणाला भोकं पाडलेला खोका बरा, तळाला त्याच्याच पिंजऱ्यातलं गवत. आणि जोडीदार असेल तर त्यालाही त्याच खोक्यात घ्या. एकाला दवाखान्याच्या वासासकट परत आणलं तर घरी राहिलेला त्याला ओळखतच नाही, आणि मग दोघं घाबरलेले.